लॉख कुट्राच्या वाड्यात दिवाळी करण्याआधी : आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक, जिथे कुठे असाल तिथे सगळ्यांना. गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा विषय निघाला आणि कोणीतरी ग्रुपवर गॉलवेमधल्या लॉख कुट्रा कॅसलचे फोटो टाकले. तळ्याच्या काठावरचा तो राखाडी दगडी वाडा, बुरूज, उतरती हिरवळ, आणि मग लगेच "चला राजवाड्यात दिवाळी करू", "बायकांनी नऊवारी, पुरुषांनी फेटे", "ड्रोन शूट तर पाहिजेच" असे धडाधड मेसेज. मी तेव्हा काहीच बोलले नाही. बोलायला गेले तर ते चार ओळींत मावेना म्हणून हे लांबलचक पत्र लिहितेय, जमलं तर चहा घेऊन बसून वाचा.

मी विरोध करायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते. जागा अप्रतिम आहे. मी २०१९ मधे तिथे जाऊन आलेय, ऑफिसमधल्या मैत्रिणीचं लग्न होतं. लिमरिकहून एम-१८ हायवे धरला की तासाभरात गोर्ट गाव, तिथून थोडं आत गेलं की झाडांच्या बोगद्यातून गाडी जाते आणि एकदम समोर वाडा आणि त्याच्या मागे तळं, तळ्यात झाडांनी भरलेली बेटं, त्यावर पाणकावळ्यांची घरटी. संध्याकाळी पाऊस थांबला आणि सगळं पाणी चांदीसारखं झालं, मी गच्चीसारख्या त्या दगडी ओट्यावर उभी होते, हातात ग्लास होता, खूप छान वाटत होतं. आणि शेजारी उभे असलेले एक आयरिश काका अगदी प्रेमाने मला म्हणाले, अरे तू इंडियाची ना, मग तुझं या घराशी नातं आहे, हे घर जनरल गॉफचं, तो तुमच्याकडेच लढला.

मला दोन सेकंद काही कळलंच नाही. आणि मग एकदम आजोबांचा आवाज ऐकू आला, "गफ साहेब".

माझं माहेर ग्वाल्हेरचं, लष्कर भागातलं, कंपूत घर. महाराष्ट्रातल्या लोकांना कंपू म्हटलं की टोळकं वाटतं पण आमच्याकडे तो मोहल्ला आहे, कॅम्पचं कंपू झालं, आणि गावाचं नावच लष्कर कारण १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी तिथे तळ ठोकला आणि तो तळ परत कधी उठलाच नाही. आमच्यासारखी शेकडो मराठी घरं तिथे त्या फौजेमागोमाग गेली आणि तिथलीच झाली. आमचं मराठी ऐकून पुण्याचे लोक विचारतात तुम्ही हिंदीत का बोलता, असो. तर आमच्या घरात सर्वपित्रीला एक पान जास्त वाढतात. ते पान आजोबांच्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं. शिंद्यांच्या तोफखान्यात होता, महाराजपूरला गेला आणि आला नाही. कुठल्या दिवशी गेला ते तिथीने कोणी लिहून ठेवलं नाही, प्रेत कोणी आणलं नाही, म्हणून सर्वपित्री. त्याचं नावही आता नक्की माहीत नाही, आत्या एक सांगते आणि बाबा दुसरं. नाव विसरलं पण ज्याच्यामुळे गेला त्याचं नाव मात्र घरात राहिलं, गफ साहेब.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी महाराजपूर हे नाव ऐकलेलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. शाळेत आपण पानिपत शिकतो, १८१८ ला पेशवाई संपली असं शिकतो आणि मग एकदम १८५७. मधल्या काळात उत्तरेत शिंद्यांची फौज शाबूत होती हे राहूनच जातं. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे वारले, मूल नव्हतं. मागे राहिल्या ताराबाई, वय जेमतेम बारा-तेरा. त्यांनी दत्तक घेतला तो मुलगा आठ-नऊ वर्षांचा, तेच पुढचे जयाजीराव. दरबारात मामासाहेब कदम आणि दादा खासगीवाले असे दोन गट पडले, इंग्रजांना मामासाहेब हवे होते आणि झाले दादा खासगीवाले. एवढं निमित्त पुरलं. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो स्वतः फौजेबरोबर निघाला, सेनापती होता सर ह्यू गॉफ. जन्माने लिमरिकचा, म्हणजे मी जिथे राहते तिथला. वय ६४.

२९ डिसेंबर १८४३. आदल्या रात्री मराठी फौज पुढे सरकून महाराजपूर गावात येऊन बसली होती आणि गॉफला त्याचा पत्ताच नव्हता. नीट टेहळणी न करता तो पुढे आला आणि सकाळी एकदम समोरून तोफा सुरू झाल्या. इतका निर्धास्त होता की गॉफची बायको, मुलगी आणि अजून काही बायका हत्तींवर बसून फौजेबरोबरच येत होत्या, त्यांच्या हत्तींपर्यंत गोळे आले. नंतर एलेनबरोने त्या बायकांना आठवण म्हणून पदकं दिली. आपले गोलंदाज मात्र तोफा सोडून हलले नाहीत. संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा चालवत राहिले आणि तोफांपाशीच मेले, हे आपल्या कुठल्या पोवाड्यातलं नाही, इंग्रजांनीच लिहून ठेवलंय, आणि समोरच्यांच्या शौर्याचा आपला अंदाज चुकला होता हे गॉफनेही कबूल केलंय. इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून आठशेच्या आसपास. आपले तीन हजार किंवा त्याहून जास्त, म्हणजे नक्की कोणी मोजलेच नाहीत. आणि आपले म्हणताना हेही सांगायला हवं की त्या फौजेत सगळे मराठे नव्हते, पुरबिये (अवध-बिहारकडचे शिपाई) होते, राजपूत होते, मुसलमान होते. त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला पन्नियारला दुसरी लढाई झाली, तिथेही हरलो. पुढच्या महिन्यात तह झाला. फौज ९,००० वर आणली, त्यात पायदळ ३,००० पेक्षा जास्त नाही, तोफा फक्त ३२. आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं कंटिंजंट, म्हणजे वेगळी फौज, मात्र वाढवलं, त्याचा खर्च ग्वाल्हेरच्याच माथी. (तेच कंटिंजंट १८५७ ला उलटलं आणि तात्या टोप्यांना जाऊन मिळालं, आजोबा इथपर्यंत आले की त्यांचा आवाज चढायचा.)

जिंकलेल्या तोफांचा धातू वितळवून ताऱ्याच्या आकाराची पदकं केली, ग्वाल्हेर स्टार म्हणतात त्याला. लढलेल्या गोऱ्या सैनिकांच्या छातीवर आमच्याच तोफखान्याचं कासं. आजही लिलावात विकली जातात, मी एकदा ऑनलाइन बघितलं आणि लॅपटॉप बंद केला.

गॉफ त्याच्या आधी चीनमधे लढला होता, पहिल्या अफूच्या युद्धात. नंतर पंजाबमधे शिखांशी, मुदकी, फिरोजशहा, सोब्राओं, चिलियांवाला, गुजरात (आपलं राज्य नव्हे, पंजाबमधलं गाव). १८४९ ला व्हायकाउंट झाला, पार्लमेंटने वर्षाला २,००० पौंड पेन्शन लावलं, कंपनीने तेवढंच वेगळं दिलं. आणि मग म्हातारपणी गावाकडे परतून मोठी घरं घेतली. डब्लिनमधे बूटर्सटाउनचं सेंट हेलन्स घेतलं, तिथेच तो १८६९ ला वारला, आज तिथे हॉटेल आहे आणि आपल्यातले काही जण तिथे ऑफिसच्या पार्टीला जाऊन आले असतील. आणि १८५० च्या दशकात गॉलवेमधे घेतला लॉख कुट्राचा वाडा.

त्या वाड्याची गोष्टही सांगते कारण ती नुसती गॉफची गोष्ट नाहीये, आणि हे मला नंतर वाचून कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे हा आपल्या अर्थाने किल्ला नाही. कॅसल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजगड, जंजिरा येतो, पण इथे ना कधी वेढा पडला ना लढाई झाली. बुरूज, जंग्या, सगळी हौस. १८०९ च्या सुमारास चार्ल्स व्हेरेकर नावाच्या कर्नलने, जो नंतर व्हायकाउंट गोर्ट झाला, इंग्लंडच्या आयल ऑफ वाइटवर आर्किटेक्ट जॉन नॅशचं स्वतःचं घर बघितलं, ईस्ट काउज कॅसल, आणि म्हणाला मला माझ्या तळ्यावर असंच पाहिजे. नॅशने नकाशे काढले, पेन नावाच्या दोन भावांनी बांधकाम बघितलं. हा नॅश म्हणजे ज्याने पुढे ब्रायटनचा तो घुमटांचा पॅव्हिलियन केला, आपल्याकडच्या इमारतींची नक्कल असलेला, तोच.

मग १८४५ ला बटाट्यावर रोग पडला. आयर्लंडमधे राहून दुष्काळाचा इतिहास माहीत नाही असं आपल्यातलं कोणी नसेल, दहा लाख माणसं मेली, दहा लाख देश सोडून गेली. कुळांकडून खंड येईना, गोर्ट घराणं कर्जात बुडालं आणि कर्जबाजारी इस्टेटी विकायला १८४९ ला सरकारने जो कायदा केला त्यात लॉख कुट्राही गेलं. मधे काही काळ तिथे नन्सची शाळा होती. मग गॉफ आला. म्हणजे बघा, घर विकायला निघालं ते गॉलवेच्या उपाशी शेतकऱ्यांमुळे, आणि घेणाऱ्याचं नशीब घडलं होतं नानजिंग, ग्वाल्हेर आणि पंजाबमधे. आणि गॉफच्या फौजेतले गोरे शिपाई तरी कोण होते, त्यातलेही कितीतरी आयरिशच, घरी खायला नाही म्हणून भरती झालेले. मी त्या लग्नात भेटलेल्या काकांवर रागावू शकले नाही ते यामुळेच. त्यांचे पूर्वज त्या फाटकाच्या बाहेरच उभे असणार. १८४६-४७ ला कलकत्त्यात आयर्लंडच्या दुष्काळासाठी वर्गणी जमली होती, हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना ते माहीत नव्हतं आणि ते बराच वेळ गप्प राहिले.

गॉफच्या घराण्याने वाड्याला भर घातली, घड्याळाचा मनोरा केला, नोकरांची बाजू वाढवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या वंशजांनी एक अख्खी नवी बाजू बांधली. कशासाठी, तर जनरलने लढायांतून आणलेल्या वस्तू ठेवायला. लुटीचं दालन. हे मी माझ्या मनाचं बोलत नाहीये, घराच्या इतिहासात असंच सांगतात.

आता हे दालन शोधायला जाल तर सापडणार नाही. १९२० च्या दशकात गॉफ मंडळींना एवढा मोठा वाडा चालवणं परवडेना, ते तबेल्यांचं घर करून त्यात राहायला गेले आणि वाडा बंद. चाळीस वर्षं जवळजवळ बंदच, दुसऱ्या महायुद्धात आयरिश सैन्य येऊन राहिलं तेवढंच. १९५२ ला गोर्ट घराण्याने शंभर वर्षांनी ती इस्टेट परत विकत घेतली, आणि त्या दशकात ते लुटीचं दालन पाडलं. आणि त्याचे घडीव दगड कुठे गेले माहितीये? बनरॅटीला. त्याच सुमारास गोर्ट मंडळी बनरॅटी कॅसल दुरुस्त करत होती, तिथे ते दगड वापरले.

बनरॅटी! भारतातून आईबाबा आले की आपण सगळे पहिल्यांदा जिथे नेतो ते बनरॅटी. माझ्या बाबांचा फोटो आहे तिथला, २०१८ चा, भिंतीला पाठ टेकवून उभे, थंडी वाजतेय म्हणून माझी ओढणी कानाला गुंडाळलेली. तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ते टेकले होते ती भिंत त्या दगडांची असेल की नसेल, कोणास ठाऊक. पण हे कळल्यावर मी तो फोटो खूप वेळ बघत बसले होते.

आता वाडा वाचला कसा ते, कारण यावर मला मनापासून बोलायचंय आणि आपल्या लोकांनी हे ऐकावं असं वाटतं. १९६६ ला गोर्ट मंडळींनी दुरुस्ती काढली, मग घर विकलं, सध्याच्या कुटुंबाकडे आलं, सत्तर-ऐंशीच्या दशकात पुन्हा हयगय झाली आणि मग त्यांच्या पुढच्या पिढीने कंबर कसली. २००३ ला मुख्य इमारतीचं छप्पर पूर्ण नवीन झालं. छप्पर म्हटलं की आपल्याला वाटतं त्यात काय मोठं, पण दगडी घराचं मरण वरूनच येतं. पन्हाळी तुंबली की पाणी भिंतीत उतरतं, भिंतीतून तुळईच्या टोकाला, तुळईला बुरशी धरते, आणि इथली ती बुरशी म्हणजे ड्राय रॉट, लाकूड आतून भुगा करते आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत भिंत ओलांडून जाते. एक खोली दुरुस्त करायची म्हणून उघडली की तीन खोल्यांचं काम निघतं. बरं, दगडाला सिमेंट चालत नाही, चुनाच लागतो, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते आणि सिमेंटमधे अडकते. आमच्या लष्करच्या घराला एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा मारून दिला, दोन पावसाळ्यांत आतल्या भिंतीला पोपडे आणि देवघरात वास, वाळूच्या दगडाची सुंदर जाळी होती ती खालून पीठ होऊन गळली. म्हणून सांगते, लॉख कुट्राला मी आत गेले आणि कोरड्या भिंतींना हात लावला तेव्हा मला कळलं की इथे कोणीतरी वर्षानुवर्षं, पैसे असोत नसोत, रोज या घराच्या मागे लागलेलं आहे.

नाहीतर काय होतं त्याची उदाहरणं जवळच आहेत. ज्याची नक्कल केली ते नॅशचं ईस्ट काउज कॅसल युद्धानंतर पडीक झालं आणि १९६० च्या सुमारास पाडून टाकलं, आज त्या वाड्याचं तिथे जवळजवळ काहीच उरलेलं नाही. गोर्टच्याच पलीकडे कूल पार्क, तिथलं मोठं घर १९४१ ला पाडलं, आता फक्त जोतं आहे. तुम्ही तिथे फिरायला गेला असाल, जोत्यावर मुलं उड्या मारतात. १९२० ते २३ मधे तर अशी अडीचशेच्या वर मोठी घरं जाळली गेली आणि जाळणाऱ्यांचा राग खोटा होता असं मी कोण म्हणणारी. पण जळलेल्या घराला काही विचारता येत नाही. उभं असलेल्या घराला विचारता येतं.

डब्लिनवाल्यांनी फिनिक्स पार्कचंच बघा, आपण जिथे उन्हाळ्यात डबे घेऊन जातो. तिथे गॉफचा मोठा घोड्यावरचा पुतळा होता, १८८० ला बसवलेला, त्याच्या फौजांनी जिंकलेल्या तोफांच्या धातूचा ओतलेला. १९४४ च्या नाताळात कोणीतरी त्याचं डोकं कापलं, ते नंतर लिफी नदीत सापडलं, १९५७ ला अख्खा पुतळाच स्फोटाने उडवला. जोडून-बिडून तो आता इंग्लंडला नॉर्दम्बरलंडमधे चिलिंगहॅम कॅसलला उभा आहे. आयरिश लोकांनी उडवला तो त्यांच्या कारणासाठी, ब्रिटिशांचा सरदार म्हणून. त्यात आपल्या तोफांचा विचार कोणाच्या मनात असण्याचं कारणच नव्हतं. पण पुतळा गेला आणि त्याच्याबरोबर डब्लिनमधे उभं राहून "हा धातू कोणाचा" असं विचारायची जागाही गेली.

म्हणून माझं तुम्हा सगळ्यांना म्हणणं असं आहे. जायचं. जरूर जायचं, दिवाळी करायची, नऊवारी नेसायची, मी स्वतः फराळाचं करून आणेन, अनारसे माझ्याकडे. पण फक्त बॅकग्राउंड म्हणून नाही जायचं. आपण तिथे पाहुणे आहोत हे खरं, आणि आपल्यातल्या काही घरांचा त्या वाड्याशी जुना हिशेब आहे हेही खरं.

आणि जायच्या आधी आपण सगळ्यांनी मिळून वाड्याच्या मालकांना एक पत्र लिहावं असं मला वाटतं. भांडणाचं नाही. त्यांनी काहीही चोरलेलं नाही, ते गॉफचे वंशज नाहीत, उलट त्यांनी पदरचं घालून ते घर वाचवलंय आणि त्याबद्दल पत्राची पहिली ओळ आभाराचीच असायला हवी, आणि ती मनापासून हवी. त्यानंतर एक विनंती. घराचा इतिहास पाहुण्यांना सांगताना गॉफ "थोर सेनापती" होता इथे थांबू नका, एक ओळ पुढे जा. महाराजपूर, २९ डिसेंबर १८४३. पंजाबमधल्या लढायांची नावं. चीनमधल्या शहरांची नावं. आणि त्याच पाटीवर गोर्टच्या आसपासच्या उपाशी कुळांची, कारण तेही त्याच गोष्टीत आहेत. एक पाटी, किंवा दिवाणखान्यात ठेवलेलं एक छापील पान, इतकंच. मजकूर आपण लिहून देऊ, इंग्रजीत आणि आयरिशमधे, आणि जमलं तर खाली मराठीत दोन ओळी.

दुसरं विचारायचंय ते त्या लुटीच्या दालनातल्या वस्तूंबद्दल. दालन पाडलं तेव्हा आत जे काही होतं त्याची यादी, फोटो, जुनी वही, काहीही कोणाकडे असेल तर बघायला मिळेल का. वस्तू परत मागायच्या म्हणून नाही म्हणतेय मी, निदान आत्ता तरी नाही. काय काय होतं ते कळलं तरी खूप झालं. एखाद्या तोफेवरचा मजकूर, एखादं निशाण. आमच्या घरात तर एक पान वाढण्यापलीकडे काहीच उरलेलं नाही.

हे खाजगी घर आहे, राहतं घर आहे, त्यांना म्युझियम करायला कसं सांगायचं असं काही जण म्हणतील. मी म्युझियम करा म्हणतच नाहीये. पण ग्वाल्हेरचा जयविलास बघा, तोही राहता वाडाच, १८७४ चा, महाराजपूरनंतर गादीवर राहिलेल्या त्याच जयाजीरावांनी बांधलेला, आणि त्याचा एक भाग आज लोकांना बघायला खुला आहे. घर राहतं असलं म्हणून गोष्ट सांगता येत नाही असं काही नाही. (आणि जयविलासमधेही महाराजपूरच्या साध्या गोलंदाजांची नावं लावायला हवीत असं माझं मत आहे, ते पत्र वेगळं लिहीन, ते ग्वाल्हेरकरांना.)

काही जण म्हणतील की एवढं जुनं कशाला उकरायचं, आपण इथे नोकरी करायला आलोय, मुलं इथली होणार, उगाच वाईटपणा कशाला. मला पण ही भीती वाटली होती, खोटं नाही बोलणार, म्हणूनच २०१९ पासून आजपर्यंत गप्प होते. पण माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे, तिच्या शाळेत दुष्काळाचा प्रोजेक्ट होता आणि तिने घरी येऊन विचारलं, आई, आपल्याकडच्या कोणाचं असं काही झालं होतं का. मी तिला सर्वपित्रीच्या पानाबद्दल सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं आणि तिच्या बाईंनी मला फोन करून विचारलं की हे अजून कुठे वाचायला मिळेल. वाईटपणा कोणी घेतला नाही. या देशाला भूक आणि परकं राज्य दोन्ही माहीत आहे, हे लोक ऐकून घेतात, आपणच सांगत नाही.

आता कार्यक्रमाबद्दल थोडं, कारण तेही या घराच्या काळजीतलंच आहे. ड्रोनचं आधी विचारून घ्या, तळ्यावर पाणकावळ्यांसाठी आणि घोड्याच्या नालासारखं नाक असलेल्या छोट्या वटवाघळांसाठी संरक्षण आहे. फटाके इथे तसेही कायद्याने बंद आहेत, भुईचक्रसुद्धा नको. पणत्या लावायच्या तर दगडी ओट्यावर, खाली ताट ठेवून, तेल दगडात मुरलं की निघत नाही, ज्यांनी घरच्या तुळशीवृंदावनाचे डाग घासलेत त्यांना सांगायला नको. रांगोळी कोरडी काढा, आतल्या लाकडी जमिनीवर नको. आणि तळ्यातलं पाणी बाहेर पडून गोर्टच्या दिशेने जातं, मधेच चुनखडीच्या खडकात जमिनीखाली गडप होतं, परत वर येतं, परत खाली जातं आणि शेवटी समुद्राला मिळतं, तेव्हा निर्माल्य, फुलं, प्लॅस्टिकच्या माळा काहीही पाण्यात सोडू नका, कुठे जाऊन निघेल सांगता येत नाही.

पत्राचा कच्चा मसुदा मी इंग्रजीत केलाय, दीड पान आहे. आयरिशमधे कोणी करून देणारं ओळखीचं असेल तर सांगा, गॉलवेवाल्यांकडून मला आशा आहे. पंजाबी मित्रमैत्रिणींना पण विचारा, त्यांच्याकडे सोब्राओं आणि चिलियांवाल्याच्या आठवणी असणार, त्यांच्या सह्या आपल्याबरोबर असल्या तर मला फार बरं वाटेल. चिनी सहकारी असतील तर त्यांनाही.

आणि ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, झाशीकडची जी मंडळी इथे आहेत त्यांनी घरी एक फोन करा. आजी, आत्या, मोठे काका जे कोणी असतील त्यांना विचारा की आपल्याकडचं कोणी महाराजपूर किंवा पन्नियारला होतं का. नाव, आडनाव, हुद्दा, जे आठवेल ते, आठवत नसेल तर "एक गोलंदाज, कंपू" इतकंही चालेल. मी वही केलीये. त्यात पहिली नोंद आमच्या घरची आहे, नावाच्या जागी दोन नावं लिहिलीत, एक आत्याचं आणि एक बाबांचं.

तुमची,
लष्करची एक मुलगी, सध्या लिमरिक